लाटेची वाट पाहताना

समुद्राजवळ घर असावे, संध्याकाळी फळी घेऊन पाण्यात उतरावे आणि दिवसभराचा शीण लाटांवर सोडून परतावे, अशी सर्फिंगची एक सोपी प्रतिमा आपल्या मनात असते. विल्यम फिनेगन या अमेरिकी पत्रकाराचे ‘बार्बेरियन डेज’ (२०१५) हे आत्मकथन वाचताना ती प्रतिमा फार काळ टिकत नाही. २०१६ साली पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या या पुस्तकाला ‘विरंगुळ्याचे पुस्तक’ म्हणून बाजूला सारणे हा त्याच्यावर अन्याय होईल, असे मला वाटते.

दूरच्या वादळाने उठवलेली लाट हजारो किलोमीटर प्रवास करून किनाऱ्याशी येते. पाणी उथळ झाले की तिचा पाया मंदावतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. कुठे व कशी फुटेल, हे तळचा खडक, वाळू, भरती-ओहोटी आणि वारा मिळून ठरवतात. फळीवर उभे राहणे काही क्षणांचेच असते. बाकीचा वेळ हातांनी पाणी कापत पुढे सरकण्यात आणि क्षितिजाकडे डोळे लावून बसण्यात जातो. मन हलके होते ते या अवधानामुळे. पाण्यात इतके लक्ष द्यावे लागते की स्वतःच्या काळज्या उगाळायला सवडच राहत नाही. एखादी अवघड कविता ओळीओळीने वाचणाऱ्याला हा विसावा अनोळखी नसावा.

फिनेगन १९६६ साली, तेराव्या वर्षी, कुटुंबासह होनोलुलूला राहायला गेला. समुद्र घराजवळ आला आणि पुढे आयुष्यभर त्याने हा माणूस सोडला नाही. या ध्यासाने आपली किती वर्षे खाल्ली, हेही तो लपवत नाही.

माझ्या दृष्टीने पुस्तकाचा कस लागतो तो केपटाऊनच्या भागात. १९८० साली फिनेगन तेथील ग्रासी पार्क भागातील, ‘कलर्ड’ ठरवलेल्या मुलांच्या शाळेत शिकवत होता. त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध वर्गांवर बहिष्कार टाकला. त्या देशात समुद्रकिनारेही वर्णानुसार वाटलेले होते. गोरा शिक्षक ज्या वाळूवर निर्धास्त फळी टेकवू शके, तेथे त्याच्या विद्यार्थ्याला पाऊल ठेवण्याची मुभा असेलच असे नव्हते. या अनुभवावर त्याने ‘क्रॉसिंग द लाइन’ (१९८६) हे स्वतंत्र पुस्तक लिहिले.

दोन्ही पुस्तके एकत्र वाचली की एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो. लाट कुणाचा वर्ण विचारत नाही. पण लाटेपर्यंत पोहोचण्याची वाट माणसांनी आखलेली असते. समुद्राकाठचा विसावा हा मनाचा गुण खरा, पण तो मिळण्यासाठी आधी समुद्राकाठी जागा मिळावी लागते.

साहित्याच्या वर्गात समुद्र आला की आपण लगेच त्याचे प्रतीक करतो: अथांगता, स्वातंत्र्य, मृत्यू. फिनेगनच्या लेखनात समुद्र आधी पाणी असतो, आणि त्या पाण्याला किनारा असतो. तो किनारा कोणाचा, हेही विद्यार्थ्यांना विचारायला हवे. प्रतीकांचा विचार त्यानंतर केला तरी चालेल.