मनाचा रिपोर्ट कोण विचारणार?

परळच्या टाटा हॉस्पिटलसमोर सकाळी जरा वेळ थांबून पाहा. विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली माणसं फायलींनी फुगलेल्या पिशव्या छातीशी धरून उभी असतात. बायोप्सी, स्कॅन, रक्ततपासणी, सगळं त्यात असतं. उडालेल्या झोपेचा, मेलेल्या भुकेचा आणि पोराबाळांच्या काळजीचा कागद मात्र एकाही फायलीत नसतो.

भारतात दरवर्षी सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सरचं निदान होतं. उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण तिघांतला एक जण नैराश्य, चिंता किंवा तशाच मानसिक त्रासाने ग्रासलेला असतो, असं जगभरातले अभ्यास सांगतात. तरी समुपदेशकाकडे फार थोडे पोचतात.

अडतं कुठे? “मी काय वेडा आहे का?” इथे अडतं. “त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका,” असं आपण डॉक्टरांना बजावतो, तिथे अडतं. ज्याला आजाराचं नावच माहीत नाही, तो कुणापाशी मन मोकळं करणार? तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढल्यावर चेहरा बदलतो, बोलणं अस्पष्ट होतं. त्यात “तंबाखू खाल्ली, आता भोगा,” असे टोमणे! असा माणूस चार भिंतींत कोंडून घेतो. हातावर पोट असलेल्याला केमोच्या तारखांनाच मजुरी बुडवावी लागते. समुपदेशनासाठी वेगळी खेप तो कुठून घालणार? आणि ओपीडीची गर्दी पाहून “डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा” म्हणत बहुतेक जण गप्प बसतात.

म्हणून पेशंट बोलेल याची वाट पाहू नका. आपणच विचारायला हवं! न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ मध्ये कॅन्सर पेशंटांसाठी मानसोपचार सेवा उभी केली. त्यांच्या पथकाने एक सोपं साधन दिलं: गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते शून्य ते दहामध्ये सांगा. उत्तर चार किंवा अधिक आलं, की पुढची चौकशी आणि गरजेप्रमाणे तज्ज्ञाची भेट. याला ना महागडं यंत्र लागतं, ना तासभर वेळ.

डॉक्टरहो, ताप विचारता तसं मनाचंही विचारा. तुमच्या तोंडून “समुपदेशकाला भेटा” एवढं निघालं, तरी पेशंटचा संकोच निम्मा गळतो. हॉस्पिटल चालवणाऱ्यांनो, केमोच्या दिवशी, त्याच मजल्यावर समुपदेशक बसवा. घरच्यांनो, “धीर धर” म्हणून विषय मिटवू नका. शेजारी बसा आणि ऐका. रात्रंदिवस जागरण करणाऱ्या तुम्हालाही आधार लागतो, तो मागा. आणि पेशंटहो, मदत मागण्यात कसली लाज? मानसिक उपचार मिळणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा गाठीबरोबर मनाचंही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही विषय काढा. त्यांनी टाळलं, तर पुन्हा काढा. मनावरचा इलाज हा कॅन्सरच्या इलाजाचाच भाग आहे, आणि तो मिळेपर्यंत आपण मागत राहिलं पाहिजे!