तारा जवळ आहेत की हात लांब आहे?

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी सध्या जर्मनीत शिकतो. इथे होता तेव्हा गिटार छान वाजवायचा. तिकडे त्याला बरोक ल्यूटने वेड लावले. भाड्याने एक ल्यूट आणून तो वर्षभर रियाज करतोय. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. "सर, तारा फार जवळजवळ आहेत. अंगठा एकीवर मारला की शेजारचीही वाजते. आता स्वतःची बनवून घेतोय. कारागिराला सांगणार आहे, घोडी रुंद कर."

मी म्हटले, थांब जरा. पैसे साठवून करतोयस, घाई नको.

ल्यूट मी वाजवत नाही, ऐकतो मात्र पुष्कळ. उर्दूच्या मास्तराला हे वाद्य परके वाटायचे कारणच नाही. अरबी 'अल-ऊद' स्पेनमार्गे युरोपात गेला आणि 'अल'मधला 'ल' नावाला चिकटून राहिला. ऊद नखीने छेडतात. युरोपातल्या वादकांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस नखी बाजूला ठेवून बोटे लावली, कारण त्यांना एकाच वेळी दोन-तीन स्वरावली वाजवायच्या होत्या. तारांमधल्या अंतराचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. नखीला फक्त पुढची तार सापडली की झाले. बोटांना मात्र प्रत्येकी आपापली जागा लागते.

पुढे तारा वाढतच गेल्या. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये अकरा जोड्यांची ल्यूट रुळली. 1718च्या सुमारास, म्हणजे सिल्वियस लिओपोल्ड वाइस ड्रेस्डेनच्या दरबारात आला त्या काळात, तेरा जोड्या झाल्या. पहिल्या दोन तारा एकेरी आणि बाकी अकरा जोड्या, अशा एकूण 24 तारा. (माथेसनने टोमणा मारला होता की ल्यूटवाला ऐंशी वर्षे जगला तर त्यातली साठ सुरात लावण्यातच गेली असणार. 24 खुंट्या पाहिल्या की हसू येते, आणि पटतेही.)

आता साधा हिशेब करू. गिटारच्या सहा तारा घोडीपाशी साधारण 58 मिलिमीटरमध्ये बसतात, म्हणजे दोन तारांत साडेअकरा मिलिमीटरहून थोडे अधिक. तेच सैल अंतर ल्यूटवर दोन जोड्यांमध्ये ठेवले, तर बारा फटींचे झाले 139. जोडीतल्या दोन तारांत पाच-पाच मिलिमीटर धरले तर आणखी 55. एकूण 194 मिलिमीटर, जवळजवळ वीत! करंगळी तबलीवर टेकवून अंगठा तेराव्या जोडीपर्यंत न्यायचा आणि वर मधल्या बोटांनी नाजूक सूर काढायचे, हे वीतभर ताणलेल्या पंजाने होणार नाही. म्हणजे फटी कमी कराव्याच लागतात. जुन्या कारागिरांनी तारा जवळ बसवल्या यात त्यांचा कद्रूपणा नव्हता.

पण मग त्यांच्या वादकांचा अंगठा शेजारी का अडखळत नव्हता? इथेच माझा विद्यार्थी चुकतो आहे असे मला वाटते. त्याने पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. त्याचा उजवा हात जाळीदार नक्षीच्या वर तरंगतो, गिटारच्या सवयीने. ल्यूटच्या तारा खुंट्यांकडे एकमेकींच्या जवळ असतात आणि घोडीकडे जाताना फाकत जातात. जिथे हात ठेवला आहे तिथे त्या आधीच अरुंद, शिवाय सैल! घोडीपाशी तार ताठ लागते, कमी हलते, आणि शेजारीण दूर असते. घोडी न बदलता नुसता हात सरकवला तरी अंतर वाढते.

जुने लोक हेच सांगत होते. लंडनमध्ये 1676 साली थॉमस मेसने मोठा ग्रंथ छापला. त्यात करंगळीची जागा तबलीवर, घोडीलगत, बारीक तारांच्या बाजूला सांगितली आहे, आणि ती तिथून हलवायची नाही. (हाच मेस सांगतो की ल्यूट दिवसा अंथरुणात, पांघरुणाखाली ठेवावी, म्हणजे तिला दमटपणा बाधत नाही.) लूव्र संग्रहालयात शार्ल मुताँचे 1690चे चित्र आहे. त्यातही उजवा हात घोडीकडे झुकलेला दिसतो.

दुसरी गोष्ट नखांची. मेसला नखे पसंत नव्हती. वाइसनेही 1723च्या पत्रात थिऑर्बोसारखी मोठी वाद्ये नखांनी वाजवली की जवळून आवाज कर्कश लागतो अशी तक्रार केली आहे. नख दोन तारांच्या मध्ये शिरायला जागा मागते, आणि जोडीतल्या तारा एकेक करून टिचकवते. बोटाचा मांसल भाग दोघींना एकदम दाबून सोडतो. म्हणून जोडीच्या आतले अंतरही मोजून ठेवावे लागते. फार कमी असले तर तारा एकमेकींवर आपटतात, फार जास्त असले तर बोटाला एकच सापडते.

तिसरी गोष्ट अंगठ्याची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. खर्जाची जोडी वाजवून अंगठा हवेत उचलायचा नसतो. तो पुढच्या जोडीवर येऊन विसावतो. अंधाऱ्या जिन्यात आपण भिंतीला हात लावून उतरतो, तसा तो तारांना धरून चालतो. अशा अंगठ्याला शेजारची तार आधाराची असते. गिटारवाला तिलाच अडथळा म्हणतो.

माझ्या वर्गात पोरे बोरूने नस्तालिक गिरवतात. अलिफ तीन कत उंच, म्हणजे बोरूच्या टोकाची रुंदी तीनदा. दर वर्षी कुणीतरी म्हणतो, सर, टोक जाड आहे, छिलून द्या. मी आधी त्याची पकड बघतो. दहापैकी आठ वेळा टोक ठीकच असते.

उरलेल्या दोन वेळांचे काय, हाही प्रश्न आहेच. सगळ्यांचे पंजे सारखे नसतात, आणि जुने माप म्हणजे काही आयत नव्हे. फ्रेंच वादक ज्यांच्यावर जीव टाकायचे त्या लाउक्स मालरच्या ल्यूट मुळात सोळाव्या शतकात बोलोन्यात कमी तारांसाठी बनलेल्या. त्यांना नवी मान, नवी घोडी लावून अकरा जोड्या चढवल्या गेल्या. घोडी हा शेवटी सरसाने चिकटवलेला लाकडाचा तुकडा आहे. मनगट खरेच दुखत असेल तर तो बदलावा, त्यात कुठलीही बेअदबी नाही. मात्र बदलताना एक लक्षात घ्यावे. माप तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत घेतले की जाड तारांमधली मोकळी जागा आपोआप कमी होते. तारेच्या कडेपासून कडेपर्यंत मोजावे. आतड्याची जाड तात लावणार की धातू गुंडाळलेली बारीक तार, हे आधी ठरवावे, मग घोडीला भोके पाडावीत. तारा ठरवल्याआधी अंतर ठरवणे म्हणजे पाय न मोजता चप्पल शिवणे.

मी त्याला एवढेच सांगितले: नखे काप, करंगळी घोडीला लाव, आणि सहा महिने कारागिराला फोन करू नकोस. तो नाराज झाला. "सर, तुम्ही वाजवत नाही ना," असेही म्हणाला. बरोबर आहे त्याचे.

परवा त्याने वाइसचा एक छोटा तुकडा पाठवला. हात खाली सरकला आहे. अकरावी जोडी अजून चुकते. पण चुकला तरी आता दहावी लागते, आधी थेट आठवी लागायची.