ज्याला गरज, त्याची इस्त्री कडक

हिंजवडीच्या आयटी पार्कातून टाय गेला तेव्हा कोणी हळहळलं नाही. १ जून २०१५ पासून इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना आठवडाभर बिझनेस कॅज्युअलची मुभा दिली. त्याआधी सोमवार ते गुरुवार फॉर्मल्स आणि शुक्रवारी सवलत असा रिवाज होता. त्याच्याही आधी गळ्यात टाय असायचा. १९८१ साली पुण्यातच स्थापन झालेली ही कंपनी. तिच्या फेज वन आणि फेज टूमधल्या आवारांत एका अख्ख्या पिढीने टायची गाठ मारायला शिकून घेतली, बहुतेकांनी होस्टेलच्या आरशासमोर, रूममेटच्या सूचनांबरहुकूम.

तो टाय नेमका कोणासाठी होता? क्लायंट अमेरिकेत, संबंध फोनवरचा. त्याला आपला आवाज ऐकू जायचा, कॉलर दिसायची नाही. दिसायची ती मॅनेजरला, आणि मॅनेजरच्या मॅनेजरला. बरं, टाय सुटला तोही उकाड्यामुळे नाही. एप्रिलातलं ऊन २००५ सालीही असंच भाजत होतं. २०१४ मध्ये कंपनीच्या सर्वोच्च खुर्चीवर कॅलिफोर्नियात मुरलेले विशाल सिक्का आले, आणि जिथून काम येत होतं त्या मुलुखात टाय केव्हाच खुंटीला लागला होता. ज्याच्यासाठी बांधला त्यानेच सोडला, मग आपणही सोडला. या निर्णयाचं असं कारण कंपनीने दिलेलं नाही. हा माझा अर्थ आहे.

क्लायंट व्हिजिटचा दिवस आठवून पाहा. आठवडाभर आधी ईमेल येते, त्यात ‘स्ट्रिक्टली फॉर्मल्स’ ठळक अक्षरांत. रिसेप्शनपाशी रांगोळी, समई, झेंडूचे हार. अख्खा फ्लोअर इस्त्री करून उभा. आणि पाहुणे उतरतात ते जीन्स, चुरगळलेला टी-शर्ट आणि ट्रेकिंगचे बूट घालून. कपाळावर गंध लावून घेतात, हसतात आणि थेट कॉन्फरन्स रूममध्ये जातात. त्यांच्या कपड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एखादा लक्ष्मी रोडवरून घेतलेला कुर्ता घालून येतो, तर त्याचं केवढं कौतुक!

फॉर्मल कपडे म्हणजे समोरच्याचा आदर, असं आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं. असेलही. पण आदर कोणी कोणाला दाखवायचा हे कपडे निवडण्याआधीच ठरलेलं असतं. दुबईत यजमान आपल्या पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात बसतो आणि कंत्राट मागायला आलेला पाहुणा त्या उन्हात सूट चढवून घाम पुसतो. आपल्याकडे वेगळं काय? हिंजवडी, माण, मारुंजीतला जागामालक पांढरा शर्ट-पायजमा आणि टोपी घालून मोठ्या कंपनीशी भाडेकरार करायला बसतो. त्याला कोणी ड्रेस कोडची ईमेल पाठवत नाही. गावदेव म्हातोबाच्या यात्रेत, बगाडाला तो डोक्यावर फेटा चढवतो, आणि माझ्या मते हिंजवडीतला सगळ्यात काटेकोर औपचारिक पोशाख तोच.

या सदराला येणाऱ्या पत्रांत ऑनसाइटला निघालेल्यांचा हमखास प्रश्न असतो: अमुक देशात काय चालतं? एचआरकडे त्याचा तक्ता असतो. जर्मनीत गडद सूट, अमेरिकेत कॅज्युअल, जपानमध्ये काळा, आखातात अंगभर. तक्ता खोटा नसतो, पण त्याच्यावर विसंबणंही बरं नव्हे, कारण कपडे देशापेक्षा धंदा ठरवतो. फ्रँकफुर्टच्या बँकेत शोभणारा सूट बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये घाला, लोक विचारतील मुलाखत आहे का. न्यूयॉर्कच्या गोल्डमन सॅक्ससारख्या जुन्या सोवळ्या बँकेनेही मार्च २०१९ मध्ये सूट-टायचा आग्रह सैल केला. मात्र क्लायंटची अपेक्षा ओळखून कपडे घाला, एवढी मेख ठेवली. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये टाय अत्यावश्यक नाही, असं सभापतींनी २०१७ मध्ये सांगितलं. इराणमध्ये तर १९७९ च्या क्रांतीनंतर टाय पाश्चात्त्यांची खूण ठरला. तिथले मंत्री कोट घालतात, कॉलरचं बटण लावतात आणि गळा मोकळा ठेवतात.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवा आणि त्या ऑफिसात आधीच बसलेल्या आपल्या माणसाला फोन करा. विचारा: मंगळवारी सकाळी तिथले लोक काय घालून येतात? मंगळवार अशासाठी की शुक्रवार फसवा असतो. शुक्रवारच्या सवलतीचं मूळही मजेदार आहे. हवाईमधल्या कापडवाल्यांनी आपले फुलाफुलांचे शर्ट खपावेत म्हणून कचेऱ्यांच्या मागे लागून १९६६ च्या सुमारास ‘अलोहा फ्रायडे’ रुजवला. पुढे १९९२ मध्ये लिव्हाइस कंपनीने कॅज्युअल म्हणजे काय याची पुस्तिकाच अमेरिकेतल्या हजारो एचआर मॅनेजरांना पाठवली. पँट विकायची होती, दुसरं काय. ज्या शुक्रवारी आपण स्वतःला मोकळं समजतो, तोसुद्धा कोणाच्या तरी सेल्स टीमचा आहे.

ब्रिटनबद्दल मात्र एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. लंडनला निघालेल्या एकाने विचारलं होतं, तपकिरी बूट चालतील का? प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. लंडनच्या वित्तव्यवसायात सुटाखाली तपकिरी बूट घालायचे नाहीत, हा जुना अलिखित नियम. २०१६ साली तिथल्या सोशल मोबिलिटी कमिशनने इन्व्हेस्टमेंट बँकांमधल्या भरतीवर अहवाल काढला. त्यात दिसलं ते असं की हुशार, पण साध्या घरातली मुलं मागे पडत होती, आणि त्यांच्याविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींत तपकिरी बूट, भडक टाय, अंगावर नीट न बसलेला सूट हेही होतं. नियम कुठेही लिहिलेला नव्हता. ज्यांच्या वडिलांनी ती नोकरी केली होती त्यांना तो घरीच कळला होता.

म्हणून टाय गेला याचा मला पूर्ण आनंद होत नाही. लातूर, नांदेड, बुलढाण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या मुलाला पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट हा हिशेब सोपा होता. दोन जोड घेतले की वर्ष निघायचं, आणि कोण कुठल्या घरातून आलंय हे फारसं कळायचं नाही. ‘बिझनेस कॅज्युअल’ या दोन शब्दांत काय बसतं आणि काय नाही, हे त्याला कोण सांगणार? आता टी-शर्टवरचा छोटासा लोगो बोलतो, बूट बोलतात, घड्याळ बोलतं. कॉलरचा टी-शर्ट चालतो, बिनकॉलरचा कधी चालतो कधी नाही. फाटकी जीन्स महाग असेल तर फॅशन आणि नसेल तर फाटकी. लेखी नियम जाचक होता, पण तो सगळ्यांना वाचता येत होता.

भरतीच्या वेळचा जाच मात्र तसाच आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूला ब्लेझर हवा, असा कित्येक कॉलेजांचा आग्रह असतो. कंपनीने मागितलेलाही नसतो. मग एकच ब्लेझर होस्टेलवर तीन-चार जणांच्या अंगावरून फिरतो आणि शेवटच्याच्या बाह्या मनगटाच्या वर राहतात. जपानमध्ये नोकरी शोधणारी मुलंमुली काळा ‘रिक्रूट सूट’ घालतात, सगळे एकसारखे.

जपानचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याकडून घेण्याजोगं काही आहे. २००५ च्या उन्हाळ्यात तिथल्या पर्यावरण खात्याने ‘कूल बिझ’ मोहीम काढली. मंत्री होत्या युरिको कोइके. कचेऱ्यांतला एसी २८ अंशांवर ठेवायचा आणि लोकांनी टाय, कोट काढायचे. जपानी कर्मचाऱ्याला सगळ्यात अवघड गेलं ते पहिला टाय कोणी काढायचा हे. साहेबाआधी कसा काढणार? म्हणून पंतप्रधान कोइझुमी आणि मंत्रीच बिनटायचे लोकांसमोर आले. टाय बनवणाऱ्यांनी ओरड केली. तरी मोहीम टिकली. २०११ मध्ये फुकुशिमानंतर विजेची चणचण झाली तेव्हा पोलो शर्ट आणि हवाईचे रंगीत शर्टही चालवून घेतले. जिथे नमस्काराला वाकण्याचे अंशसुद्धा ठरलेले, त्या समाजाने हे केलं. आधी वरच्यांनी केलं आणि कारण थर्मामीटरवर दाखवलं. आपल्या फ्लोअरवर बरोबर उलटं घडतं. बाहेर चाळीस अंश, आत मुली शाल आणि स्वेटर घालून कोड लिहितात, आणि एसीचं तापमान वाढवायला फॅसिलिटीजकडे तिकीट टाकावं लागतं.

कपड्यांचे नियम आपल्याला गोऱ्या साहेबाने शिकवले, असं म्हणायची एक सोय आहे. ती खरी नाही. कोणी काय नेसावं, किती खाली नेसावं, कुठल्या धातूचा दागिना घालावा, हे आपल्याकडे जातीने ठरत होतं आणि मोडणाऱ्याला शिक्षा होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की तुमच्या लुगड्यावरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण पुसा. वरच्या जातीच्या बायकांसारखं पायघोळ लुगडं नेसा. पुष्कळ जणींनी ते लगोलग अमलात आणलं. बाबासाहेबांचा सूट याच हिशेबातला आहे. १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेत ते सुटात बसले आणि गांधीजी पंचा नेसून, शाल पांघरून राजाच्या चहाला बकिंगहॅम पॅलेसमध्ये गेले. एकाने आपल्या समाजाला नाकारलेला पोशाख हक्काने अंगावर घेतला, दुसऱ्याने अपेक्षित पोशाख नाकारला. दोघांचंही बरोबर होतं, असं मला वाटतं. कारण दोघांना यजमानाला वेगवेगळी गोष्ट ऐकवायची होती.

त्याच्याही कितीतरी आधी आपली पहिली ऑनसाइटला गेलेली बाई आनंदीबाई जोशी. १८८३ मध्ये अमेरिकेला निघताना तिने जाहीर सांगितलं होतं की पोशाख आणि आहार बदलणार नाही. फिलाडेल्फियात गेल्यावर मात्र नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, ते तिथल्या रीतीत बसेना. तिने साडी सोडली नाही, गुजराती पद्धतीने नेसायला घेतली. अठरा वर्षांच्या मुलीने काढलेली ही वाट मला फार हुशारीची वाटते: काय सोडायचं नाही हे पक्कं, आणि ते कसं नेसायचं याला मोकळीक. ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे. विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशाच्या पोशाखात. परक्या देशात औपचारिक फोटोला बसताना तिघींनी आपापला ठेवणीतला पोशाख घातला होता.

हिंजवडीत बाईची साडी, पंजाबी ड्रेस हे पहिल्यापासून फॉर्मल. पुरुषाचा नेहरू शर्ट मात्र ‘ट्रॅडिशनल डे’च्या दिवशीच, भाड्याच्या फेट्यासकट. हा भेद कोणत्या तर्काने आला ते कोणी सांगू शकत नाही. इंडोनेशियात जकार्ताच्या गव्हर्नरांनी १९७० च्या दशकात लांब बाह्यांचा बाटिक शर्ट पुरुषांचा औपचारिक पोशाख म्हणून मान्य केला. आज तिथे बैठकीला बाटिकमध्ये गेलं तर तो सुटाच्या बरोबरीचा असतो. फिलिपिन्समध्ये बारोंगचं तेच. दोन्ही देश आपल्यासारखेच दमट, घामट. आपल्याकडे मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नको असं बजावलं, शुक्रवारी खादी घाला असंही सुचवलं. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांची पाळी आली. दोन्ही वेळा चर्चा जीन्सवर अडकली. चांगल्या शिवणीचा, इस्त्रीचा सुती नेहरू शर्ट सोमवारीही फॉर्मल धरावा, असं एक वाक्य कंपनीच्या पॉलिसीत घालायला काय हरकत आहे? आणि ‘बिझनेस कॅज्युअल’च्या खाली चालणाऱ्या न चालणाऱ्या कपड्यांची साधी यादी, मराठी-हिंदीतही, जॉइनिंगच्या आधी मिळाली तर फ्रेशरचे चार पैसे वाचतील.

उन्हाळ्यापुरती सवलत ही काही नवी कल्पना नाही. वकिलांनाही उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं वगळता काळ्या कोटाची सक्ती नाही. बार कौन्सिलच्या नियमांतच तशी सूट आहे. हिंजवडीत अशी सूट कोणाला हवी आहे ते गेटपाशी दिसतं. ज्यांनी २०१५ नंतर टाय कपाटात टाकले ते एसी कॅबमधून उतरून आत जातात, आणि त्यांचं कार्ड तपासणारा सिक्युरिटीचा माणूस मे महिन्याच्या दुपारी गडद युनिफॉर्म, टोपी, बूट आणि कित्येक गेटांवर टायसुद्धा घालून उभा असतो. तो कंपनीचा कर्मचारी नाही, एजन्सीचा आहे. म्हणून पॉलिसी त्याला लागू नाही. पण एजन्सीच्या करारात युनिफॉर्मचं कलम कंपनीच मंजूर करते. मार्च ते जून अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, टाय नाही, एवढा बदल करायला फॅसिलिटीज विभागाची एक सही पुरते, आणि बहुतेक करारांचं नूतनीकरण एप्रिलमध्येच असतं.