प्रादेशिक ऑस्ट्रेलिया: संधी आहे, हमी नाही
ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन वगळता उर्वरित भूभाग ‘प्रादेशिक’ मानला जातो. पर्थ, ॲडलेडही त्यातच येतात. तेथे शिकलेल्या परदेशी पदवीधरास स्थलांतराच्या गुणांकनात ५ गुण अधिक मिळतात. राज्याचे नामांकन लाभल्यास ४९१ व्हिसासाठी आणखी १५. नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेला हा व्हिसा ५ वर्षांचा असून, प्रादेशिक भागात ३ वर्षे राहिल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. परंतु नामांकनांचा वार्षिक कोटा संघराज्य सरकार ठरवते आणि राज्ये आपले निकष बदलत राहतात. प्रवेश घेताना असलेली वाट पदवी मिळेपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणूनच शुल्कासाठी घर गहाण ठेवणाऱ्या पालकांनी केवळ शहर न पाहता, अभ्यासक्रमातून मिळणाऱ्या व्यवसायाची तेथील निकड तपासावी. विद्यापीठ पदवी देते. वास्तव्याचा अधिकार नव्हे.