जेवली का गं ती?

कुत्र्याने एका वेळचं खाणं टाळलं की आपण व्हेटला फोन लावतो. मांजराने दोन दिवस बशीकडे बघितलं नाही की घरात सुतक. टॅरंटुला पाळणाऱ्यांचा फंडा मात्र वेगळाच आहे, बॉस! त्यांचं पेट चार-चार महिने अन्नाला शिवत नाही आणि ही मंडळी म्हणतात, नो टेन्शन.

टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. माझा मावसभाऊ पुण्याच्या एका आयटी कंपनीत आहे. सध्या तो विंचूरच्या घरून काम करतो आणि त्याची राणीही तिथेच असते. राणी मेक्सिकन रेडनी जातीची, काळीभोर, गुडघ्यांवर नारिंगी पट्टे. (नावातच विंचू असलेल्या गावात कोळी पाळायचा म्हणजे... असो.) जानेवारीत तिकडे गेले, तर घरात एकच विषय. राणीने दिवाळीपासून काहीही खाल्लं नव्हतं. आणि टेन्शन कुणाला? मावशीला! ‘हे ध्यान घरात नको’ म्हणणारी हीच ती मावशी. आता उठल्या उठल्या विचारते, “जेवली का रे ती?”

भाऊ निवांत होता, कारण त्याच्याकडे कारणं होती. पहिलं कारण थंडी. निफाड तालुक्यातली थंडी काय चीज आहे, हे पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा उतरला की बातमी होते आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. कोळ्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. खोली गार झाली की त्याचं पचनही मंदावतं आणि भूकही.

दुसरं कारण जास्त इंटरेस्टिंग. कोळी कात टाकतो आणि त्याआधी खाणं सोडतो. लहान पिल्लं वर्षातून बऱ्याचदा कात टाकतात, मोठी मादी वर्षाकाठी एकदा किंवा त्याहूनही उशिरा. रंग फिका पडतो आणि पोटावर केस गळून टक्कल पडलेलं असेल तर ती जागा काळसर होते. कातीबरोबर फक्त बाहेरची कातडी जात नाही. विषाचे दात जातात आणि अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं आतलं अस्तरही जातं! तोंडापासून जठरापर्यंत सगळं रिनोव्हेशन चालू असताना जेवायचं कसं?

एरवीही त्याचं जेवण म्हणजे चावून खाणं नव्हेच. भक्ष्यावर पाचकरस सोडायचा, झालेलं सूप प्यायचं आणि चोथा टाकून द्यायचा.

मग एका सकाळी मावशी बागेतून भलामोठा नाकतोडा पकडून घेऊन आली. भाऊ लॅपटॉप टाकून धावला. मी त्याला इतक्या जोरात ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. द्राक्षबागेत औषध फवारलेलं असतं. तो नाकतोडा राणीने खाल्ला असता तर खेळ खलास. आणि नाही खाल्ला तरी धोका होताच. कात टाकताना कोळी उताणा पडतो, अंग लुसलुशीत असतं, अशा वेळी पेटीत जिवंत रातकिडा राहिला तर तोच कोळ्याला कुरतडतो. म्हणून नियम सोपा आहे. विकत आणलेलं किंवा घरी वाढवलेलं खाद्यच द्यायचं, आणि चोवीस तासांत खाल्लं नाही तर काढून घ्यायचं. (घरी वाढवलेलं म्हणजे डब्यातली झुरळं. मावशीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.)

मावशी बिचारी दोन दिवस गप्प होती. मला तिचं चुकलं असं वाटलं नाही. समोरचा जेवत नाही म्हणजे आजारी, हेच तर आपण सगळ्या आयांकडून शिकलोय. पण इथे जास्त खाऊ घालण्यात जोखीम आहे. पोट टम्म फुगलेला जड कोळी काचेवर चढून पडला तर पोट फाटून मरू शकतो.

मग घाबरायचं कधी? पोट सुरकुतलं, लहान झालं आणि पाय पोटाखाली मुडपले तर. कोळी पाय लांब करतो ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने. पाणी संपलं की दाब गेला, पाय आखडले. म्हणून अन्नाआधी पाण्याची वाटी बघायची. आणि कात टाकून झाली तरी लगेच ताट वाढायचं नाही. नवे दात आधी पांढरे आणि मऊ असतात. मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवस तरी द्यायचे.

आणि हो, हौस आली म्हणून घाटातून कोळी उचलून आणू नका. सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलीत राहणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस दिसायला राजबिंडा आहे, पण ती अख्खी प्रजाती २०१९ पासून साइट्सच्या यादीत आहे. परदेशी रेडनीही त्याच यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हे प्राणी वन्यजीव कायद्यात आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. भावाने राणीची केली आहे.

उपासाचं एक कारण मात्र वाईट असतं. नर वयात आला की त्याची भूक कमी होते. मादी शोधत तो भटकत राहतो आणि बहुतेकदा पुढच्या काही महिन्यांत संपतो. पण राणी नर नाही. तिची जुनी कात भिंगाखाली बघून भावाने खात्री केलीये, मादीच आहे. रेडनीची मादी वीस-पंचवीस वर्षं सहज जगते.

हे ऐकून मावशीने बोटं मोजली. “म्हणजे तुझ्या पोरांच्या लग्नातही हिचं पान वाढायचं का रे?”