स्मारकाचा दगड आणि शिपायाची पाळी

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलिसांच्या संचलन मैदानांवर शोकधून वाजते, बंदुका उलट्या धरल्या जातात आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना मरण पावलेल्यांची नावे वाचली जातात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान पडले, त्यांची ही आठवण. २०१८ साली नवी दिल्लीत ३० फूट उंच ग्रॅनाइट शिळेचे राष्ट्रीय पोलीस स्मारक झाले आणि तेथील भिंतीवर ३४ हजारांहून अधिक नावे कोरली गेली. या नावांपुढे मान लवविण्यास समाजवाद्यांना संकोच वाटण्याचे कारण नाही. संकोच वाटावा तो शिळा उभारणाऱ्यांना.

साथींपैकी काही जण विचारतील, ज्यांच्या लाठ्या आमच्या मोर्च्यांवर पडल्या त्यांचा कैवार कशासाठी? आक्षेप खरा आहे. याच पुणे जिल्ह्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या व तिघांचे बळी घेतले. ते रक्त आम्ही विसरलेलो नाही. परंतु हुकूम सोडणारा आणि चाप ओढणारा एकाच घरातून आलेले नसतात. चाप ओढणारा बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच मुलगा असतो. त्यामुळे त्याची जबाबदारी संपत नाही. पण त्याचा वर्गही बदलत नाही.

यवतचेच पाहा. पुणे-सोलापूर महामार्गावरचे हे ठाणे. रात्री-अपरात्री अपघाताची वर्दी आली की वाहनांच्या झोतात उभे राहायचे ते शिपायाने. आषाढात तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते. वारकऱ्यांच्या पंगतीत पिठले-भाकरी वाढली जाते, तेव्हा बंदोबस्तावरचा माणूस उभाच असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका आक्षेपार्ह मजकुरावरून गावात दगडफेक व जाळपोळ झाली, अश्रुधूर सोडावा लागला. द्वेष पेटविणारे व्यासपीठावरून घरी जातात आणि दोन जमावांच्या मध्ये शिपाई उरतो. जवळच दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या ५ व ७ क्रमांकाच्या गटांची ठाणी आहेत. तेथील जवानांना कोणता सण घरी मिळतो, हे त्यांच्या बायका सांगतील. बारा बारा तासांच्या पाळीने, जागरणाने आणि हृदयविकाराने जो मरतो, त्याच्यासाठी कोणी चौथरा बांधत नाही. गोळीने मेला तर हुतात्मा, थकून मेला तर कार्यालयातील एक फाईल!

सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी २००८ च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक स्वतःच्या देहावर रोखून धरली. त्यांच्या हातात होती लाठी. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले, चौपाटीवर पुतळा उभारला, आणि २०२५ साली सातारा जिल्ह्यातील केडंबे या त्यांच्या गावी स्मारकासाठी राज्य सरकारने १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. स्मारक अवश्य व्हावे. परंतु स्वयंचलित बंदुकीपुढे लाठी घेऊन माणूस का पाठविला गेला, हा प्रश्नही त्या चौथऱ्यावर कोरला जाईल काय? शौर्याची स्तुती करताना व्यवस्थेची चूक झाकून टाकण्याची युक्ती सत्ताधाऱ्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे.

गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस ठार झाले. ते खासगी वाहनातून जात होते. त्या वाहनाचा चालकही मेला. सोळाव्या माणसाचे नाव कोणत्या भिंतीवर कोरायचे?

मेलेल्या पोलिसाला सलामी देणारे हेच राज्य जिवंत पोलिसाचा आवाज मात्र सहन करीत नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी काळ्या फिती लावून आपले गाऱ्हाणे मांडले. १८ ऑगस्टला त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली, शिपाई रस्त्यावर आले, शहरात लष्कर उतरविण्यात आले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. गिरणी कामगार तेव्हा संपावर होते; गिरणगावाचा आणि खाकी वर्दीचा संताप एकत्र येईल, ही धास्ती सरकारला नव्हती असे कोण म्हणेल? १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर घातलेले निर्बंध आजही कायम आहेत. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. जगातील कामगारांनी जे एकोणिसाव्या शतकात मागितले, त्याचा एकविसाव्या शतकात प्रयोग!

दौंड-शिरूरच्या साथींनी येत्या २१ ऑक्टोबरला यवतच्या ठाण्यात फुले घेऊन जरूर जावे. मात्र सोबत आठ तासांची पाळी, राहण्याजोगे घर आणि संघटनेचा हक्क यांची मागणी करणारे निवेदनही न्यावे. शिपायाला त्यावर सही करता येणार नाही, कायदा आड येतो. सह्या गावकऱ्यांच्या घ्याव्यात.