मोसमी खाऊ : पीचची अढी आणि बिनअंड्याचं कॉब्लर



जून उजाडला की आपल्या देशी दुकानात एक ठरलेलं दृश्य असतं. दारातच आंब्याच्या रसाच्या डब्यांचा डोंगर, आणि आपण सगळे दोन-दोन डबे उचलून रांगेत. २००७ साली अमेरिकेने भारतातल्या आंब्याला दार उघडलं, तेव्हापासून विकिरण केलेल्या पेट्याही येतात. पण त्यांचा भाव ऐकला की हात आपोआप पुन्हा डब्याकडे वळतो. माझं डब्याशी वैर नाही. श्रीखंडात, आंब्याच्या पोळीत तो कामी येतो. पण त्याच आठवड्यात, आपल्याच गावाबाहेरच्या रस्त्यावर, कोणी शेतकरी ट्रकच्या मागच्या फळीवर टोपल्या मांडून झाडावर पिकलेले पीच विकत असतो आणि आपण गाडीच्या काचा वर करून पुढे निघून जातो, याचं मला फार नवल वाटतं. मी राहते जॉर्जियात. इथे गाडीच्या नंबरप्लेटवर पीच, अटलांटात दर दुसऱ्या रस्त्याचं नाव पीचट्री, आणि आपल्या पॉटलकला मात्र गुलाबजाम नाहीतर डब्यातल्या रसाचं मँगो मूस!

कोणाला विचारलं की उत्तर ठरलेलं. "पीच ना? पचपचीत असतात गं. वरून लालचुटुक आणि आत कापूस." तक्रार खरी आहे. पण तो दोष पीचचा नाही, थंडीचा आहे. पीच पुरता पिकायच्या आधी साधारण ३६ ते ४६ डिग्री फॅरनहाइटच्या थंडीत बरेच दिवस राहिला की त्याचं पिकणं आतून बिघडतं. मग बाहेर काढून ठेवला तर मऊ होतो, पण रस सुटत नाही. गर भुसभुशीत, लोकरीसारखा लागतो. आता आपल्या घरच्या फ्रिजचं तापमान पाहा. बरोब्बर याच टप्प्यात! म्हणजे दुकानातून आणलेले कडक पीच आपण प्रेमाने फ्रिजमध्ये ठेवतो आणि आठवड्याने त्यांना नावं ठेवतो.

यावर उपाय आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे : अढी. आंब्यासारखाच पीचही तोडल्यावर स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूनेच पिकतो. इथले लोक खाकी कागदी पिशवीत घालून तोंड दुमडून ठेवतात, एवढाच फरक. पेंढा नको, घोंगडी नको. देठाची बाजू खाली करून एका थरात मांडायचे, एकावर एक रचायचे नाहीत, आणि रोज एकदा बघायचं. दोन-तीन दिवसांत घरभर वास सुटतो. पिकले की मग खुशाल फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस काही होत नाही.

पण आंब्याची उपमा इथेच संपते, हे लक्षात ठेवा. आंब्यात पिष्ट असतं, अढीत त्याची साखर होते, म्हणून कैरीचा आंबा गोड होतो. पीचमध्ये असा साठा जवळजवळ नसतोच. तोडल्यावर तो मऊ होतो, वास सुटतो, आंबटपणा कमी होतो, पण गोडी जेवढी झाडावर आली तेवढीच. त्यामुळे निवडताना लाल रंगाला भुलू नका. तो जातीचा आणि उन्हाचा प्रताप. लालीच्या मागचा रंग बघा. तो पिवळा-केशरी हवा (पांढऱ्या गराच्या जातीत सायीसारखा). देठापाशी हिरवी झाक दिसली तर तो कधीच गोड होणार नाही. आणि कृपा करून अंगठ्याने दाबून पाहू नका. विकणाऱ्याला राग येतो, आणि रास्तच आहे! देठाजवळ नाक न्या, नाक खोटं बोलत नाही.

दुसरं, कोय. मे महिन्यात येणाऱ्या पहिल्या पीचची कोय गराला घट्ट चिकटलेली असते. चाकूने झटापट करावी लागते आणि निम्मा गर हाताला लागतो. इथे जूनच्या मध्यापासून सुट्या कोयीच्या जाती सुरू होतात. मधोमध चीर द्या, दोन्ही हातांनी पिळा, कोय अलगद हातात. कॉब्लरसाठी थांबायचं ते यांच्यासाठी. आपण नाही का पायरी, हापूस, केशर असं नाव विचारून घेत? तसंच इथेही विचारा. एल्बर्टा ही जुनी नामांकित जात याच जॉर्जियातली. मार्शलविलच्या सॅम्युएल रम्फ यांनी १८७० च्या दशकात ती काढली आणि बायकोचं नाव दिलं. उत्तरेकडच्या मंडळींना रेडहेवन मिळेल, ती मिशिगनची, १९४० ची. आणि एक गुपित : सगळ्यात जास्त पीच पिकतात कॅलिफोर्नियात, आणि शेजारचं साउथ कॅरोलिनाही जॉर्जियाच्या पुढे आहे. इथे हे मोठ्याने बोलायचं नसतं :-)

आता जरा इतिहास, कारण कोणीतरी "हे आपलं फळ नाही" असं म्हणणारच. जुन्या मराठीत पीचला सप्ताळू म्हणत, तो शब्द फारसीतला. शास्त्रीय नाव पर्सिका, म्हणजे इराणचं, कारण युरोपला ते इराणमार्गे मिळालं. मूळ मात्र चीनचं. सातव्या शतकात आलेला ह्युएन त्सांग पंजाबातल्या चीनभुक्ती नावाच्या जागेबद्दल लिहितो, की कनिष्काच्या काळात तिथे ठेवलेल्या चिनी ओलिसांनी पीच आणि नाशपती प्रथम या भागात आणले. म्हणून पीचला 'चीनानी' आणि नाशपतीला 'चीनराजपुत्र' म्हणत. म्हणजे परक्या मुलखात अडकून पडलेल्या माणसांनीच हे फळ आपल्याकडे रुजवलं. हल्ली हिमाचल-उत्तराखंडातून ते आडू म्हणून पुण्या-मुंबईच्या बाजारातही उतरतं.

बिनअंड्याचं म्हणून मुद्दाम लिहितेय, त्याला कारण आमच्या सासूबाई. २००४ च्या उन्हाळ्यात त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे पाहिलं असेल : आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर, मुलं समर कॅम्पला, आणि आई दिवसभर घरात. फुटपाथ नाही, रिक्षा नाही, दार उघडं टाकून शेजारी डोकावायची सोय नाही. शनिवारी कुठे नेलं तर केक, पाय, पुडिंग सगळ्यात अंडं. "मला नको गं, मी आपलं केळं खाईन," असं म्हणून त्या कोपऱ्यात बसायच्या. त्यांच्या त्या "मला नको"ची मला धास्ती बसली होती.

आमच्या शेजारी सत्तरीच्या एक आजी राहायच्या, जन्माने इथल्याच. त्या एकदा दुपारी काचेचं गरम भांडं फडक्यात धरून दारात उभ्या राहिल्या. मी त्या दिवशी घरून काम करत होते. आईंनी मला हळूच विचारलं, "अंडं?" मी विचारलं. आजींनी बोटांवर मोजून दाखवलं : लोणी, मैदा, साखर, दूध, पीच. आई म्हणाल्या, "आणि?" आजी म्हणाल्या, आणि काही नाही, चिमूटभर मीठ अन् बेकिंग पावडर. आईंनी वाटीभर खाल्लं. मग पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर गॅरेजमध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर तीस-चाळीस पीच ओळीने मांडलेले, आणि दोघी त्यांच्यावर ओणवून निवड करताहेत. एक मराठीत बोलतेय, एक दक्षिणी हेलाच्या इंग्रजीत, आणि "हा उद्या, हा आजच" यावर दोघींचं एकमत. पुढे सप्टेंबरपर्यंत आईंची दुपार कशी जाते ही काळजी मला राहिली नाही. आता गुडघ्यांमुळे आई येत नाहीत. दर जूनला फोनवर पहिला प्रश्न मात्र असतो, "पीच आले का गं? अढी घातलीस?"

तर ते कॉब्लर असं. (एक कप म्हणजे २४० मिलिलिटर.) ओव्हन ३७५ डिग्री फॅरनहाइटला लावा, म्हणजे १९० सेल्सिअस. नऊ बाय तेराचं काचेचं भांडं घ्या आणि त्यात एक स्टिक, म्हणजे साधारण ११५ ग्रॅम लोणी घालून ओव्हनमध्येच वितळवा. तोवर सहा-सात मध्यम पीच घ्या, दोन पौंडांच्या आसपास. बुडाशी फुलीची चीर देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकले की साल मोज्यासारखी उतरते. तेवढाही वेळ नसेल तर नेक्टरिन आणा. तो म्हणजे लव नसलेला पीचच, साल काढायला नको. जाड फोडी करा, चार कप भरतील. त्यांना अर्धा कप साखर आणि चमचाभर लिंबाचा रस लावून पातेल्यात एक उकळी आणा. लिंबाने फोडी काळ्या पडत नाहीत आणि चवीलाही धार येते.

पिठासाठी एक कप मैदा, पाऊण कप साखर, एक टेबलस्पून बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि एक कप दूध. गुठळी मोडेपर्यंतच ढवळा, धिरड्याच्या पिठाइतकं सैल होतं. भांडं बाहेर काढा, वितळलेल्या लोण्यावर हे पीठ ओता. ढवळायचं नाही! मग त्यावर फोडी रसासकट पसरा. ढवळायचं नाही!! हात शिवशिवतो, माहीत आहे. पण सगळी गंमत त्यातच आहे : पीठ फुगून फोडींच्या भोवतीने वर येतं, कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात आणि मध्ये मऊ, रसरशीत राहतं. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. वरून तांबूस झालं आणि रस कडेने बुडबुडायला लागला की झालं. वीस मिनिटं तरी निवू द्या, नाहीतर जीभ भाजते.

इथली माणसं यात दालचिनी घालतात. मी थोडं जायफळ किसते. पीचला ते दालचिनीपेक्षा जास्त मानवतं असं माझं स्पष्ट मत. वेलचीही चालेल. केशर नको, दोन्ही वास वाया जातात. लोण्याऐवजी तूप घातलं तर चालतं, सहा टेबलस्पून पुरे, पण कडांना तो खरपूस रंग येत नाही, कारण लोण्यातला दुधाचा अंश तुपात नसतो.

ज्यांचा या उलट्या प्रकारावर विश्वास बसणार नाही, त्यांनी क्रिस्प करावं. चार कप कच्च्या फोडी, पाव कप साखर, एक टेबलस्पून कॉर्नस्टार्च आणि लिंबू खाली. वर एक कप ओट्स, अर्धा कप मैदा, अर्धा कप ब्राऊन शुगर आणि सहा टेबलस्पून गार लोणी बोटांनी चोळून. शंकरपाळ्याचं मोहन बघतो तसं बघायचं : मूठ वळली पाहिजे आणि टिचकीने फुटली पाहिजे. ३५० डिग्रीला तेवढाच वेळ, पण मध्यभागीसुद्धा रस उकळलेला दिसल्याशिवाय बाहेर काढू नका. कॉर्नस्टार्च तोपर्यंत दाटत नाही आणि मग खाली पाणी राहतं.

इंग्लंडातल्या मंडळींनो, पंख्याचा ओव्हन असेल तर वीस सेल्सिअस कमी ठेवा, आणि सेल्फ-रेझिंग पीठ वापरलंत तर बेकिंग पावडर वगळा. ऑगस्टच्या शेवटी व्हिक्टोरिया प्लम येतात, त्यांचं कॉब्लर पीचपेक्षा सरस होईल, साखर मात्र जरा वाढवा.

पाहुण्यांत अंडं न खाणारं कोणी असेल तर दोन लेबलं वाचायची. एक, सोबतच्या आइस्क्रीमचं. फ्रेंच व्हॅनिलात अंड्याचा बलक असतो, साधं व्हॅनिला बहुधा चालतं, पण वाचा. दुसरं, कोणी "तयार पाय क्रस्ट आणू का" म्हणालं तर त्याचं. काहींत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. घरातल्या मोठ्यांना हे नंतर कळण्यापेक्षा आधी पाहिलेलं बरं.

आणि पीच दिसले की घ्या, पुढच्या वर्षीवर टाकू नका. या झाडाला थंडी तासांत मोजून लागते, ४५ डिग्रीच्या खालचे काही शे तास, जातीप्रमाणे कमीजास्त. २०१७ साली हिवाळा उबदार गेला आणि जॉर्जियाचं सुमारे ऐंशी टक्के पीक गेलं. २०२३ साली उबदार हिवाळ्यावर मार्चमधल्या कडाक्याने कळस केला, नव्वद टक्क्यांहून जास्त बुडालं. त्या वर्षी ट्रकवाला आलाच नाही. मोहोराच्या वेळी थंडी दगा देते तेव्हा कोकणातल्या बागाईतदाराचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, इथेही तेच.

म्हणून मी जुलैत एक पेटी जास्त घेते. सोललेल्या फोडींना साखर-लिंबू लावून ताटात सुट्या पसरून गोठवते, मग पिशव्यांत भरते, हवा काढून. दिवाळीला एक पिशवी निघते, संक्रांतीला दुसरी. गोठलेल्या फोडी न वितळवता थेट पातेल्यात टाकायच्या आणि उकळी आणायची, बाकी कृती तीच.